वर्डल: सहा ओळी नेमक्या कशा वापरायच्या

वर्डलच्या पहिल्या दोन ओळींत उत्तर शोधायला जाऊ नये. त्या ओळी शक्य तितके शब्द बाद करण्यासाठी खर्च कराव्यात. वर्डल खेळणाऱ्या कुणालाही सांगायची ही माझी पहिली गोष्ट, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात महत्त्वाचीही हीच. ही सवय अंगवळणी पडली की बाकीच्या युक्त्या तिच्या मागून येतात.

नवख्यांसाठी नियम आधी सांगतो. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. अक्षर योग्य जागी पडलं तर घर हिरवं होतं, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, आणि शब्दात नसेलच तर करडं. रोज एकच कोडं, सगळ्यांना तेच, आणि ते आपापल्या घड्याळात रात्री बारा वाजता बदलतं. या लेखात इंग्रजी अक्षरं त्यांच्या नावानेच लिहिली आहेत. ‘ए’ म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं पहिलं अक्षर, ‘ई’ पाचवं, ‘आय’ नववं. हे तिघं लेखभर भेटत राहतील, तेव्हा एवढं ध्यानात असू द्या.

उत्तरं कुठल्या शब्दांतून येतात

हे माहीत असलं की अर्धे फुकटचे अंदाज टळतात. वेल्समध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारे सॉफ्टवेअर इंजिनिअर जॉश वॉर्डल यांनी हा खेळ त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला. पलक यांना शब्दकोड्यांची आवड. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 भरतात, आणि त्यातले कितीतरी कुणी कधी ऐकलेलेही नसतात. पलक यांनी ती सगळी यादी चाळली आणि ओळखीचे तेवढे शब्द ठेवले. खेळ ऑक्टोबर 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. 1 नोव्हेंबरला तो 90 जण खेळत होते, दोन महिन्यांनी तीन लाख. जानेवारी 2022 संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला, आणि नोव्हेंबर 2022 पासून ट्रेसी बेनेट या त्याच्या संपादक म्हणून काम पाहू लागल्या.

म्हणजे याद्या दोन आहेत. अंदाज म्हणून टाकता येणाऱ्या शब्दांची यादी भली मोठी, आणि उत्तर होऊ शकणाऱ्या शब्दांची त्यामानाने बरीच लहान. मूळ खेळात या लहान यादीत 2,315 शब्द होते. संपादक आल्यावर त्यात भर पडली, पण धोरण तेच राहिलं: उत्तर हा सर्वसाधारण वाचकाच्या ओळखीचा शब्द असतो. शेवटी एस किंवा ई-एस लावून केलेलं साधं अनेकवचन उत्तर म्हणून येत नाही. ‘गीज’ किंवा ‘फंगाय’ यांसारखं वेगळ्या घडणीचं अनेकवचन येऊ शकतं. तेव्हा चौथ्या ओळीत तुमच्यासमोर एक रोजचा शब्द आणि एक कोशात दडलेला शब्द असेल, तर डोळे झाकून रोजचा निवडा. मात्र नुसती माहिती काढण्यासाठी शब्द टाकायचा असेल तर अनेकवचनं बिनधास्त वापरा, खेळ ती स्वीकारतो. याचा उपयोग पुढे दाखवतो.

पहिली ओळ

मूळ 2,315 शब्दांतली अक्षरं मोजली तर ‘ई’ सगळ्यात जास्त, 1,233 वेळा येतं. त्यानंतर ए 979, आर 899, ओ 754, टी 729, एल 719, आय 671, एस 669 आणि एन 575. पहिला शब्द शक्यतो या नवांतूनच घडवायचा.

पण नुसती वारंवारिता पुरत नाही, जागाही पाहावी लागते. एसने सुरू होणारे शब्द 366 आहेत, दुसरं कुठलंही अक्षर या बाबतीत त्याच्या जवळपास येत नाही. एसने संपणारे मात्र फक्त 36, कारण साधी अनेकवचनं यादीत नाहीत. म्हणजे एस पहिल्या घरात ठेवण्यात फायदा आहे आणि शेवटच्या घरात तो जवळजवळ वाया जातो. ‘ई’चं नेमकं उलटं: ते शेवटच्या घरात 424 वेळा येतं. त्याच्या खालोखाल शेवटच्या घरात वाय, 364 वेळा. हे दोन्ही निकष लावले की ‘स्लेट’ हा शब्द आपोआप पुढे येतो: एस-एल-ए-टी-ई. टाइम्सचा वर्डलबॉट, म्हणजे खेळ संपल्यावर तुमच्या चालींचं विश्लेषण करून देणारा प्रोग्राम, एप्रिल 2022 मध्ये आला तेव्हा ‘क्रेन’ सुचवायचा, सी-आर-ए-एन-ई. पुढे त्यानेही ‘स्लेट’ पसंत केला.

गणिताने सिद्ध झालेला सर्वोत्तम पहिला शब्द याहून वेगळा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या दिमित्रिस बर्त्सिमास आणि अ‍ॅलेक्स पास्कोव्ह यांनी मूळ यादीवर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं की ‘सॅलेट’ने, म्हणजे एस-ए-एल-ई-टीने, सुरुवात करून पुढची प्रत्येक चाल अचूक खेळली तर सरासरी 3.42 ओळींत कोडं सुटतं. सॅलेट हे मध्ययुगातलं एक शिरस्त्राण. शब्द लहान यादीत नाही, त्यामुळे तो स्वतः कधी उत्तर निघत नाही. शिवाय ती सरासरी यंत्राच्या अचूक खेळीची आहे. माणसाच्या हातात स्लेट, क्रेन, ट्रेस यांत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. त्यातला एक निवडा आणि त्यालाच धरून राहा. रोज तोच शब्द टाकला की कुठल्या रंगानंतर पुढे काय टाकायचं हे हाताला ठाऊक होतं. रोज नवा शब्द टाकणाऱ्याला हा फायदा मिळत नाही.

‘अड्यू’, ए-डी-आय-ई-यू, हा अनेकांचा लाडका पहिला शब्द आहे, कारण त्यात चार स्वर एका दमात तपासले जातात. मी तो सुचवत नाही. स्वर कळले तरी शब्दाचा सांगाडा कळत नाही. ‘ई आणि ए आहेत’ एवढ्या माहितीवर शेकडो शब्द शिल्लक राहतात, त्यांना वेगळं करतात ती आर, टी, एल, एस, एन ही व्यंजनं. आणि यू तर यादीत 467 वेळाच येतो, टीपेक्षा कितीतरी कमी.

दुसरी ओळ

‘स्लेट’ टाकल्यावर पाचही घरं करडी झाली तर निराश होण्याचं कारण नाही, पाच नेहमीची अक्षरं एका झटक्यात बाद झाली. अशा वेळी ‘क्रोनी’ टाका: सी-आर-ओ-एन-वाय. दोन शब्द मिळून दहा वेगवेगळी अक्षरं तपासून होतात. ए आणि ई दोन्ही गेले की शेवटच्या घरात वायची शक्यता एकदम वाढते, म्हणून तो इथे नेमक्या जागी बसलेला आहे.

एखादं घर पिवळं झालं तर ते अक्षर दुसऱ्या ओळीत नव्या जागी न्या आणि उरलेल्या चार घरांत अजून न तपासलेली नेहमीची अक्षरं भरा. दोन घरं हिरवी झाली तर मात्र थांबा. हिरवा रंग दिसला की तोच साचा धरून शब्द जुळवण्याचा मोह होतो. तो साचा किती शब्दांना लागू पडतो हे आधी पाहावं लागतं.

एक उदाहरण पूर्ण मांडतो, कागद घेऊन सोबत करा. पहिली ओळ ‘स्लेट’. ए पिवळा, बाकी चारही करडे. म्हणजे शब्दात ए आहे पण तिसऱ्या घरात नाही. एस, एल, टी, ई गेले. ए सर्वाधिक दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात आढळतो, तिसरं बाद झालं, म्हणून त्याला दुसऱ्या घरात बसवून बघू. दुसरी ओळ ‘मॅनर’, वाड्या-जहागिरीचा तो शब्द: एम-ए-एन-ओ-आर. आता ए हिरवा, ओ आणि आर पिवळे, एम आणि एन करडे.

इथे घाईने तिसरा शब्द टाकू नका. ओला जागा द्यायची आहे. दुसऱ्या घरात ए बसलाय, चौथं घर बाद झालंय, उरली पहिलं, तिसरं आणि पाचवं. पहिल्या घरात ओ आणि दुसऱ्यात ए, अशा सुरुवातीचा जुळणारा शब्द नाही. ए-ओ असा जोड दुसऱ्या-तिसऱ्या घरात, तोही नाही. म्हणजे ओ शेवटी. आता आर पहिल्या, तिसऱ्या किंवा चौथ्या घरात. पहिल्यात ठेवला तर ‘रेडिओ’ मिळतो, आर-ए-डी-आय-ओ. तिसऱ्यात ठेवला तर ‘कार्गो’, सी-ए-आर-जी-ओ. ‘रेशिओ’ आठवेल, पण त्यात टी आहे, तो गेला. ‘मॅक्रो’ आठवेल, त्यात एम आहे, तोही गेला. ओळखीचे दोनच शब्द उरले. तिसऱ्या ओळीत एक टाका, चुकला तर चौथ्या ओळीत दुसरा.

या दोन ओळींत एकच हिरवं घर मिळालं होतं, तरी हजारो शब्दांतून दोनच उरले. ते काम पिवळ्या आणि करड्या घरांनी केलं. एका ओळीवर तीन रंगांचे 243 साचे पडू शकतात. चांगला अंदाज तो, जो उरलेल्या शब्दांना यातल्या जास्तीत जास्त साच्यांत विखरून टाकतो. मग कुठलाही साचा आला तरी त्यात मोजकेच शब्द असतात.

तिसरी ओळ: आधी मोजणी, मग शब्द

दुसऱ्या ओळीनंतर फोन बाजूला ठेवून शक्य ते सगळे शब्द कागदावर लिहा. पाच रेघा मारा, हिरवी अक्षरं त्यांच्या जागी भरा, प्रत्येक पिवळ्या अक्षराखाली ते कुठे चालत नाही ते लिहा. मग एक साधा नियम लावा. उरलेले शब्द उरलेल्या ओळींइतके किंवा त्याहून कमी असतील, तर त्यातलाच एक टाका, हरण्याची भीती नाही. शब्द जास्त असतील, तर एक ओळ मुद्दाम खर्च करा. असा शब्द टाका, जो स्वतः उत्तर नसला तरी उरलेल्यांना वेगळं करील.

बहुतेक स्ट्रीक, म्हणजे सलग जिंकलेल्या दिवसांच्या मालिका, इथेच तुटतात, म्हणून हे नीट पाहू. समजा दोन ओळींनंतर शेवटची चार अक्षरं हिरवी झाली: आय-जी-एच-टी. पहिलं घर रिकामं. किती शब्द बसतात? एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. आठ शब्द, आणि ओळी उरल्या चार. एकेक करत गेलात तर वाचण्याची शक्यता निम्मी.

आता तिसऱ्या ओळीत ‘फर्न्स’ टाका, एफ-ई-आर-एन-एस. नेच्याच्या झाडांचं हे अनेकवचन उत्तर असूच शकत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. एफ हिरवा झाला तर फाइट. ई पिवळा झाला तर एट, आर पिवळा तर राइट, एन पिवळा तर नाइट, एस पिवळा तर साइट. पाचही करडे झाले तर लाइट, माइट, टाइट हे तीनच उरले, आणि ओळी तीन आहेत. निम्म्या शक्यतेवरचा डाव एका ओळीत पक्का झाला.

अशी मोठी कुटुंबं आधीच पाठ करून ठेवावीत. ए-टी-सी-एच शेपटाचे बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच, वॉच. ओ-यू-एन-डी शेपटाचे बाउंड, फाउंड, हाउंड, माउंड, पाउंड, राउंड, साउंड आणि जखमेचा वूंड. एस-एच-ए ने सुरू होऊन ई ने संपणारे शेड, शेक, शेल, शेम, शेप, शेअर, शेव्ह. यांतला एखादा साचा डोकावला की पहिला प्रश्न ‘कुठला?’ हा नसावा, ‘किती?’ हा असावा.

उत्तर असूच शकत नाही असा अंदाज टाकायची कल्पना वर्डलच्या बरीच आधीची आहे. रंगीत खुंट्यांचा मास्टरमाइंड हा खेळ काहींच्या आठवणीत असेल. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी 1977 मध्ये दाखवून दिलं की तो जास्तीत जास्त पाच चालींत नेहमी सुटतो. त्यांच्या पद्धतीत काही चाली अशा आहेत, ज्या उत्तर असणं शक्यच नसतं.

तेच अक्षर दोनदा

सप्टेंबर 2022 मध्ये एके दिवशी उत्तर होतं ‘पेअरर’, साल काढण्याचं साधन: पी-ए-आर-ई-आर. त्या दिवशी भल्याभल्यांच्या सहा ओळी संपल्या. एक तर ए दुसरा, ई चौथा आणि आर पाचवा हा साचा असंख्य शब्दांना बसतो: वॉटर, लेटर, पेपर, वेफर, लेयर, मेकर, बेकर, टेकर, ईगर, सेफर. वर त्यात आर दोनदा.

रंगांचं म्हणणं इथे बारकाईने वाचावं लागतं. उत्तर पेअरर असताना ‘वॉटर’ टाकला, डब्ल्यू-ए-टी-ई-आर, तर शेवटचा आर हिरवा होतो. पण अजून एक आर आहे की नाही याबद्दल तो हिरवा रंग काहीच सांगत नाही. तुमच्या अंदाजात आर एकदाच होता, म्हणून उत्तरही एकाच आरबद्दल मिळालं. आता ‘पेपर’ टाका. पहिला पी हिरवा आणि तिसऱ्या घरातला पी करडा. हा करडा ‘पी नाही’ असं म्हणत नाही, ‘दुसरा पी नाही’ असं म्हणतो. तसंच, उत्तर ‘अबाइड’ असताना, ए-बी-आय-डी-ई, ‘स्पीड’ टाकला तर पहिला ई पिवळा आणि दुसरा करडा दिसतो. खेळ आधी हिरवे वाटून टाकतो, मग डावीकडून पिवळे, आणि अक्षराचा साठा संपला की पुढचे करडे.

व्यवहारात एवढंच करा: पहिल्या दोन ओळींत एकाच शब्दात तेच अक्षर दोनदा येईल असा शब्द टाकू नका. तिसऱ्या ओळीनंतर शब्द जुळत नसेल, तर हिरवी-पिवळी अक्षरंच दुसऱ्यांदा बसवून पाहा. ई, ओ, एल, आर आणि एस यांच्या जोड्या आधी तपासा. एकही स्वर सापडत नसेल तर वायला दुसऱ्या किंवा तिसऱ्या घरात न्या. निम्फ, ग्लिफ, ट्रिस्ट हे शब्द तसेच बनलेत.

हार्ड मोड

सेटिंगमधला हा पर्याय चालू केला की मिळालेली हिरवी आणि पिवळी अक्षरं पुढच्या प्रत्येक अंदाजात वापरावीच लागतात. तो कोड्याच्या सुरुवातीलाच चालू करता येतो, मध्येच नाही. यात ‘फर्न्स’सारखी सुटका मिळत नाही, म्हणून सगळी खबरदारी आधी घ्यावी लागते. जी, एच, टी नुसते पिवळे दिसत असतील तर त्यांना लगेच शेपटाच्या जागी बसवू नका. आधी वेगळ्या जागी फिरवा आणि त्या ओळीत एल, एम, एन, आर यांतली जमतील तेवढी व्यंजनं तपासून घ्या. शेपूट हिरवं झालं की पुढे प्रत्येक ओळीत एकच शब्द बाद होतो. एक सवलत मात्र आहे: करडी झालेली अक्षरं पुन्हा वापरायला या मोडमध्येही बंदी नाही. स्ट्रीक जपायची असेल तर माझा सल्ला साध्या मोडचाच आहे.

आपल्या शाळेतलं स्पेलिंग आणि अमेरिकी उत्तरं

आपण शाळेत ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, आणि खेळ अमेरिकी वर्तमानपत्राचा आहे. आपल्याकडच्या खेळाडूंची एक ओळ बऱ्याचदा इथेच जाते. जानेवारी 2022 मध्ये ‘फेवर’ उत्तर होतं आणि फेब्रुवारीत ‘ह्यूमर’, दोन्ही यूविना. आपल्या डोक्यात हे शब्द सहा अक्षरी असतात, त्यामुळे ते सुचतच नाहीत. कलर, लेबर, ऑनर, रूमर, व्हेपर हे सगळे शब्द शेवटी ओ-आर लावून एकदा लिहून काढा. ओ चौथा आणि आर पाचवा दिसला की ही यादी आठवायची. ‘फायबर’ही अमेरिकी पद्धतीने ई-आरने संपतो.

स्पेलिंगसारखाच शब्दांचाही प्रश्न आहे. 5 मे 2022 चं उत्तर ‘होमर’ होतं, बेसबॉलमधल्या होम रनचं बोलीतलं नाव. अमेरिकेबाहेरच्या इतक्या लोकांनी तो शब्द कोशात शोधला की केंब्रिज डिक्शनरीने त्यालाच 2022 चा वर्षाचा शब्द ठरवलं. अमेरिकी बांधकाम, बेसबॉल आणि स्वयंपाकघरातले नेहमीचे शब्द ओळखीचे करून घेतले तर असे दिवस कमी येतील. ‘कॉक’, फटी बुजवण्याचं ते मिश्रण, सी-ए-यू-एल-के, हाही उत्तर म्हणून येऊन गेलेला आहे.

घरचा ग्रुप ऑकलंड, पुणे आणि न्यू जर्सी असा पसरलेला असेल तर एक पथ्य पाळा. ऑकलंडमध्ये नवं कोडं पुण्याच्या कितीतरी तास आधी उघडतं आणि न्यू जर्सीत सगळ्यात शेवटी. ग्रुपवर फक्त रंगीत चौकोन टाकावेत, शब्दाचा इशाराही नको. ते चौकोन खेळात डिसेंबर 2021 मध्ये आले ते यासाठीच, की निकाल सांगता यावा आणि उत्तर फुटू नये. हिरवा-पिवळा फरक ओळखायला त्रास होत असेल तर सेटिंगमध्ये हाय कॉन्ट्रास्ट मोड आहे, त्यात हिरव्याच्या जागी नारिंगी आणि पिवळ्याच्या जागी निळा येतो.

खेळ संपल्यावर

सुधारणा खरी इथे होते. वर्डलबॉट प्रत्येक ओळीला कौशल्य आणि नशीब असे दोन वेगळे गुण देतो, 99 पैकी. नशिबाच्या गुणाकडे दुर्लक्ष करा. तुमच्या प्रत्येक ओळीनंतर किती शब्द शिल्लक होते तो आकडा बघा आणि तुम्ही कागदावर लिहिलेल्या यादीशी ताडून पाहा. बॉटच्या यादीत नऊ शब्द असतील आणि तुमच्या कागदावर चारच, तर राहिलेले पाच कुठल्या घडणीचे होते ते शोधा. बहुधा त्यांत दुहेरी अक्षर असतं, किंवा ओळख नसलेली सुरुवात, उदाहरणार्थ के-एन किंवा डब्ल्यू-आर.

सराव वाढवायचा असेल तर टाइम्सच्या वर्गणीदारांना जुनी कोडी संग्रहात मिळतात. तिथे सोडवताना दुसऱ्या ओळीनंतर खेळ थांबवा, यादी करा, आणि दहा शब्द होईपर्यंत किंवा खात्रीने संपेपर्यंत तिसऱ्या ओळीला हात लावू नका. सुरुवातीला याला पंधरा मिनिटंही लागतील. काही दिवसांनी तीच यादी कागदाशिवाय मनात तयार व्हायला लागते, आणि कुठला शब्द तिचे सर्वांत जास्त तुकडे करील हेही त्याच दमात दिसतं.